पाण्यातील शिसे, कॅडमियम, आर्सेनिक मोजायला कोणता सेन्सर घ्यावा? नागपूर परिसरासाठी तुलनात्मक आढावा

नागपूरच्या आसपास पाण्याच्या प्रत्येक पट्ट्यातली शंका वेगळी असते. कोराडी-खापरखेड्याच्या राख बंधाऱ्यांजवळच्या विहिरींत आर्सेनिक, शिसे, कॅडमियम यांचा विचार करावा लागतो, कारण कोळशाच्या राखेतून हे धातू पाझरू शकतात. काटोलच्या संत्रा बागांत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरले जाते, त्यामुळे तिथे तांबे पाहावे लागते, तर मनसर-कांद्रीच्या खाणपट्ट्यात मँगनीज. म्हणून ग्रामपंचायतीची पाणी समिती असो की महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग, यंत्राच्या माहितीपत्रकाआधी आपल्याला कोणता धातू किती सूक्ष्म पातळीवर मोजायचा आहे हे कागदावर लिहून काढावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) स्वीकारार्ह मर्यादा शिशासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, आर्सेनिकसाठी १०, कॅडमियमसाठी ३ आणि पाऱ्यासाठी १ मायक्रोग्रॅम आहे. घरोघरी दिसणारे टीडीएस मीटर इथे निरुपयोगी आहे, कारण ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते. ज्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत, त्यात १० मायक्रोग्रॅम शिसे म्हणजे त्या क्षारांचा तीस हजारावा भाग, आणि तो त्या आकड्यात दिसणे शक्य नाही.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकारचे विद्युत-रासायनिक सेन्सर मिळतात. पहिला आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड, म्हणजे एका ठरावीक आयनालाच (विद्युतभारित कणाला) प्रतिसाद देणारी कांडी. तो पाण्यात बुडवला की व्होल्टेज दाखवतो आणि धातूचे प्रमाण दहापट झाले की शिशासारख्या द्विसंयुजी (दोन विद्युतभार असलेल्या) आयनांसाठी हे व्होल्टेज सुमारे ३० मिलिव्होल्टने बदलते. वापरायला सोपा, किमतीला परवडणारा; पण शिशाच्या नेहमीच्या इलेक्ट्रोडची खालची मर्यादा लिटरमागे सुमारे २०० मायक्रोग्रॅमच्या घरात असते, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वीसपट. असा इलेक्ट्रोड ‘शिसे आढळले नाही’ असे सांगतो तेव्हा त्या उत्तरावर कोणत्याही गावाने विसंबू नये. फ्लोराइडसाठी मात्र हेच तंत्र उत्तम चालते, आणि विदर्भात फ्लोराइडचा प्रश्न मोठा असल्यामुळे त्या कामासाठी ते अवश्य घ्यावे.

दुसरा प्रकार स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीचा, आणि शिसे-कॅडमियमसाठी माझे मत स्पष्टपणे याच्या बाजूने आहे. यात इलेक्ट्रोडला सुमारे उणे १.२ व्होल्ट देऊन, द्रावण ढवळत, एक ते पाच मिनिटे पाण्यातला धातू इलेक्ट्रोडवर साठवला जातो आणि मग व्होल्टेज वर नेत तो पुन्हा विरघळवला जातो. प्रत्येक धातू आपापल्या व्होल्टेजला सुटतो. आलेखावर आधी जस्ताचे शिखर येते, मग कॅडमियमचे, मग शिशाचे आणि शेवटी तांब्याचे. साठवण्याच्या या पायरीमुळेच लिटरमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्रमाण ओळखता येते.

प्रत्यक्ष चाचणी कशी होते ते एका उदाहरणाने पाहू. विहिरीचे १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात तेवढेच अ‍ॅसिटेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) घातले, पीएच ४.५ च्या आसपास ठेवला आणि शिशाचे शिखर ०.८ मायक्रोअँपिअर आले. मग त्याच भांड्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमने प्रमाण वाढेल इतका शिशाच्या प्रमाण द्रावणाचा (ज्यातले शिसे नेमके माहीत आहे अशा द्रावणाचा) थेंब टाकला आणि शिखर २.४ झाले. शिखर तिप्पट झाले, म्हणजे भांड्यात मूळचे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम होते. परंतु अर्धे द्रावण बफरचे असल्याने विहिरीतले प्रमाण १० ठरते, म्हणजे नेमके मर्यादेच्या रेषेवर. ही दुप्पट करायची राहिली तर संशयास्पद विहीर निर्धोक ठरेल. प्रमाण द्रावण त्याच भांड्यात घालण्याची ही रीत नागपूरच्या उन्हाळ्यात विशेष उपयोगी पडते. तापमान एका अंशाने वाढले की प्रवाह साधारण एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे प्रयोगशाळेत २५ अंशांवर काढलेला प्रवाह-प्रमाणाचा आलेख मे महिन्यात विहिरीच्या काठावर ४२ अंशांना लावला तर उत्तर बरेच फुगते. दोन्ही मापे जागेवरच घेतली की हा दोष उरत नाही.

इलेक्ट्रोडच्या निवडीत पाऱ्याचा थेंब आजही सर्वांत भरवशाचा आहे, कारण प्रत्येक वेळी पृष्ठभाग नवा मिळतो. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये पोलरोग्राफी (व्होल्टेज बदलत प्रवाह मोजण्याची मूळ पद्धत) उभी केली तीही पाऱ्याच्या थेंबांवरच, आणि १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. तरीही गावात न्यायच्या यंत्रात पारा नको. सांडलेला पारा आणि त्याची विल्हेवाट ही जबाबदारी पाणी समितीवर टाकणे योग्य नाही. बिस्मथचा थर दिलेला कार्बन इलेक्ट्रोड त्याची जागा चांगली घेतो. छापील पट्ट्या ग्लुकोमीटरच्या पट्टीसारख्या एकदाच वापरायच्या असतात, म्हणून आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात जात नाही, मात्र एका पट्टीचे उत्तर दुसरीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. आर्सेनिक आणि पाऱ्यासाठी सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो, आणि पाण्यात आर्सेनिक ज्या दोन रूपांत असते त्यांपैकी त्रिसंयुजी रूप जितके सहज दिसते तितके पंचसंयुजी दिसत नाही. क्रोमियम व मँगनीज या दोन धातूंसाठी मात्र रंगबदलावर चालणाऱ्या चाचण्याच मला अधिक सोयीच्या वाटतात.

सेन्सर आणि प्रयोगशाळेतील आयसीपी-एमएस (अतितप्त आर्गॉनमध्ये नमुना सोडून अणूंच्या वजनावरून धातू मोजणारे यंत्र) यांची तुलना करताना लोक किंमत पाहतात. आयसीपी-एमएसची किंमत कोटीच्या घरात जाते, त्याला आर्गॉन वायू सतत लागतो आणि प्रशिक्षित माणूसही लागतो. पण खरा फरक दोन्हींच्या आकड्यांच्या अर्थात आहे. सेन्सर मोकळा किंवा सैल बांधलेला धातू पाहतो. गाळाला अथवा सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून बसलेला धातू आम्लात नमुना तापवून विरघळवल्याशिवाय त्याला दिसत नाही. नाग नदीसारख्या सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तर साबण व सेंद्रिय पदार्थ इलेक्ट्रोडवर थर धरतात आणि शिखरच खुजे होते. तांबे जास्त असेल तर बिस्मथवर शिशाचे शिखरही दबते, हे संत्रा पट्ट्यात विसरून चालणार नाही. ग्राफाइट फर्नेस असलेले अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र (नमुना तापवून धातूचे अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणारे) आयसीपी-एमएसपेक्षा स्वस्त पडते, पण त्यावर सहसा एका वेळी एकच धातू मोजता येतो.

त्यामुळे पन्नासेक विहिरींतून संशयास्पद विहिरी वेगळ्या काढायच्या असतील, तर बिस्मथ किंवा छापील पट्टीवर चालणारे स्ट्रिपिंगचे हातयंत्र घ्यावे आणि मर्यादेच्या अर्ध्यावर जाणारा प्रत्येक नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा. तो आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून ठेवला तर बहुतेक धातूंसाठी सहा महिने टिकतो. पाऱ्यासाठी ही मुदत २८ दिवसांची धरतात. आकडा न्यायालयात किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे मांडायचा असेल, तर मात्र हातयंत्रावर खर्च न करता तोच पैसा थेट प्रयोगशाळेच्या तपासणीवर लावावा. यंत्र घेण्याचे ठरलेच, तर विक्रेत्याला शुद्ध पाण्यावरचे प्रात्यक्षिक दाखवू देऊ नये. आपल्याच विहिरीचे पाणी द्यावे, त्यात आपल्यासमोर लिटरमागे १० मायक्रोग्रॅम शिसे घालायला सांगावे, आणि यंत्राने आधीच्या मापापेक्षा ८ ते १२ मायक्रोग्रॅम वाढ दाखवली तरच खरेदीचा आदेश काढावा.