प्रवासासाठी बीसीडी: क्रेसी ट्रॅव्हलाइट आणि लिफ्टचा हिशेब

स्वतःचे बीसीडी, म्हणजे पाण्यातले तरंगणे नियंत्रित करणारे हवा भरायचे जाकीट, घेऊन अंदमानला किंवा लक्षद्वीपला डायव्हिंगसाठी जाणाऱ्याला समुद्राच्या आधी विमानतळावरच्या वजनकाट्याचा विचार करावा लागतो. देशांतर्गत विमानांत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोंचे चेक-इन सामान आणि ७ किलोंची हातातली बॅग एवढीच मुभा मिळते. त्यात फिन्स, वेटसूट, मास्क आणि आठवडाभराचे कपडे बसवायचे म्हटले, की चार-साडेचार किलोंचे नेहमीचे जाकीट डोईजड होते आणि लक्ष दोन-तीन किलोंच्या प्रवासी बीसीडीकडे वळते. ते हातात घेतल्यावर मात्र बहुतेकांना हीच शंका येते की, एवढेसे हलके जाकीट आपल्याला सिलिंडरसकट उचलून धरेल का. मी क्रेसी ट्रॅव्हलाइटचे मध्यम मापाचे जाकीट गेले काही हंगाम वापरत आहे आणि आपल्याकडच्या उष्ण पाण्यासाठी त्याची लिफ्ट, म्हणजे पाण्यात वर उचलून धरण्याची क्षमता, पुरून उरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे मत केवळ सवयीवर उभे नाही, कारण लिफ्टचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि खरेदीपूर्वी तो प्रत्येकाने मांडावा. अंदमानात बहुतेक केंद्रांवर मिळणारा ॲल्युमिनियमचा ‘एटी’ सिलिंडर ११.१ लिटरचा असतो. तो २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरला, तर आतल्या हवेचेच वजन सुमारे २.७ किलो भरते. डायव्ह संपताना ५० बार हवा शिल्लक ठेवायची असल्यामुळे त्यातली साधारण दोन किलो हवा आपण वापरून टाकतो. पाण्याखाली जाता यावे म्हणून कमरेला शिसे बांधताना ते डायव्हच्या शेवटी, पाच मीटरवर थांबलेले असताना, जाकीट जवळजवळ रिकामे ठेवूनही आपण स्थिर राहू इतकेच बांधायचे असते. म्हणजेच पाण्यात शिरताना ही दोन किलो हवा आपल्या अंगावर जादा असते आणि तो भार जाकिटाने उचलायचा असतो. त्यात वेटसूटची भर पडते. मध्यम बांध्याच्या माणसाचा ३ मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर सुमारे दोन किलो प्लावक बल देतो, पण ३० मीटरवर दाब चौपट झाल्याने सुटाच्या निओप्रीन या फेसाळ रबरातले बुडबुडे आक्रसतात आणि त्यातले दीडेक किलो बल नाहीसे होते. शिसे नेमके बांधले असेल, तर तळाशी जाकिटाला जेमतेम साडेतीन किलो उचलावे लागतात.

खरी कसोटी वर आल्यावर लागते. बोट लांब आहे, लाटा आहेत, सिलिंडर अजून बराच भरलेला आहे आणि डोके पाण्याबाहेर ठेवायचे आहे, अशा वेळी पाण्याबाहेरच्या डोक्याचे चार-साडेचार किलो हिशेबात धरावे लागतात. नवख्या डायव्हरने सवयीने दोन-तीन किलो शिसे जास्त घेतले असेल, तर तेही त्यात मिळवावे. एकूण बेरीज नऊ किलोंच्या आसपास जाते. शिसे पट्ट्याऐवजी जाकिटाच्याच कप्प्यांत ठेवले असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी: जाकीट काढून पाण्यावर सोडले, तरी ते सिलिंडर, रेग्युलेटर (श्वासासाठी हवा देणारे उपकरण) आणि सगळ्या शिशासह स्वतः तरंगले पाहिजे, कारण लहान बोटीत चढताना ते आधी वर द्यावे लागते. पाच-सहा किलो शिसे असले, तरी ही गरज आठ किलोंच्या पलीकडे सहसा जात नाही. थोडी मोकळीक ठेवून ११ ते १२ किलोंची, म्हणजे साधारण ११० ते १२० न्यूटनची किंवा २५ पाउंडांच्या आसपासची लिफ्ट उष्ण पाण्यासाठी पुरेशी आहे, असे मी म्हणतो ते या बेरजेच्या आधारावर.

आता जाकिटाविषयी. क्रेसी ही १९४६ मध्ये जिनोव्हा येथे सुरू झालेली इटालियन कंपनी असून ट्रॅव्हलाइट हे तिचे खास प्रवासासाठी केलेले मॉडेल आहे. वजन तीन किलोंच्या आत आहे. पाठीला कडक प्लास्टिकची फळी नसल्यामुळे ते घडी घालून बॅगेच्या तळाशी सपाट बसते आणि मधल्या पोकळीत मास्क व कपडे जातात. शिशाचे कप्पे जाकिटातच आहेत आणि खेचून सुटणारे आहेत. हवेची पिशवी पाठीबरोबर दोन्ही कुशींकडेही येते, त्यामुळे पृष्ठभागावर पूर्ण फुगवल्यावर ते आपल्याला तोंडावर ढकलत नाही. लाटांमध्ये बोटीची वाट पाहताना हा गुण किती मोलाचा आहे ते कळते. मध्यम मापाची लिफ्ट वर काढलेल्या गरजेपेक्षा बरीच अधिक आहे. मात्र लिफ्टचा आकडा मापागणिक बदलतो आणि लहान मापात तो झपाट्याने कमी होतो, म्हणून छोट्या चणीच्या व्यक्तीने मॉडेलच्या जाहिरातीतला आकडा न पाहता आपल्या मापाच्या लेबलावरचा आकडा पाहावा.

मऊ पाठीची किंमतही मोजावी लागते. सिलिंडर कडक फळीवर जसा घट्ट बसतो, तसा इथे बसत नाही, आणि पट्टा सैल राहिला तर पोहताना तो पाठीवर डुलतो. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणला जातो, त्यामुळे मी तो आधी पाण्यात भिजवतो, मग सिलिंडरभोवती आवळतो, बकल पूर्ण दाबून बसवतो आणि जाकीट वरच्या मुठीला धरून सिलिंडरसकट उचलून एकदा हलवून पाहतो. सिलिंडर इंचभर जरी सरकला, तर पट्टा सोडून पुन्हा आवळणे आवश्यक आहे. अंदमानात जिथे प्रवाह जोरदार असतो, तिथे हे दोन मिनिटांचे काम पुढचा पाऊण तास सुखाचा करते. साहित्य अडकवायच्या डी-रिंगही नेहमीच्या भारी जाकिटांपेक्षा हलक्या हाताने वापराव्यात, असे मला वाटते. कॅमेरा, रील आणि मोठा टॉर्च असा सगळा संसार लटकवणाऱ्याने दुसरे जाकीट पाहावे.

पर्यायांपैकी ॲक्वा लंगचे झूमा याहून हलके, साधारण दोन किलोंचे आहे आणि त्याची हवा पूर्णपणे पाठीकडे असते. तळाशी आडवे राहण्यासाठी ही रचना उत्तम आहे, पण तिची लिफ्ट तुलनेने कमी असल्यामुळे कमी शिसे लागणाऱ्या, शिकून तयार झालेल्या डायव्हरलाच मी ते सुचवीन. स्कूबाप्रोचे हायड्रॉस प्रो वजनाने चार किलोंच्या घरातले आहे. त्याचे मॉनप्रीन हे रबरासारखे प्लास्टिक पाणी शोषत नाही, त्यामुळे ते लवकर वाळते आणि परतीच्या विमानात ओल्या जाकिटाचे वजन वाहावे लागत नाही. महिन्याकाठी डायव्ह करणाऱ्याने त्याची जास्तीची किंमत मोजावी. वर्षातून एकदा हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाणाऱ्याला त्याची गरज नाही. मालवणला प्रशिक्षकाच्या हाताला धरून होणाऱ्या पर्यटकी डायव्हसाठी तर कोणतेच बीसीडी विकत घेऊ नये, कारण तिथे सगळे साहित्य त्या शुल्कातच मिळते.

जे मराठी डायव्हर इंग्लंडमध्ये किंवा कॅलिफोर्नियात राहतात, त्यांना मात्र वरचा हिशेब जसाच्या तसा लागू करता येणार नाही. थंड पाण्यातला ७ मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर आठ-नऊ किलो उचलतो आणि ३० मीटरवर त्यातले पाच-सहा किलो गमावतो. त्याला बुडवण्यासाठी दहा किलोंहून अधिक शिसे लागू शकते आणि तेवढे शिसे कप्प्यांत ठेवलेले जाकीट पाण्यावर आपले आपण तरंगायचे, तर १६ ते १८ किलोंची लिफ्ट हवी. त्या पाण्यासाठी प्रवासी जाकीट घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. घरच्या थंड समुद्रासाठी एक आणि सुट्टीतल्या उष्ण समुद्रासाठी दुसरे, अशी दोन जाकिटे ठेवणे खर्चिक असले तरी योग्य आहे.

विकत घेताना दुकानात तीन गोष्टी करून पाहाव्यात. जाकीट वेटसूटवर घालून पूर्ण फुगवावे आणि छाती आवळत नाही ना ते पाहावे. खांद्यावरचा आणि कमरेमागचा असे हवा सोडण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हातमोजा घालून शोधावेत. मग ते फुगवून तसेच ठेवून द्यावे आणि अर्ध्या तासाने पिशवी सैल पडली आहे का ते तपासावे. वापर सुरू झाल्यावर प्रत्येक सहलीनंतर इन्फ्लेटरच्या, म्हणजे जाकिटात हवा भरायच्या नळीच्या, तोंडातून आत गोडे पाणी ओतावे, जाकीट हलवून ते सर्वत्र खेळवावे, उलटे धरून पाणी काढून टाकावे आणि अर्धवट फुगवून सावलीत वाळत घालावे. आत राहिलेल्या मिठाचे खडे इन्फ्लेटरच्या बटणात अडकले, तर ते बटण दाबलेलेच राहते आणि जाकीट आपोआप फुगू लागते. म्हणून वर्षातून एकदा इन्फ्लेटर उघडून साफ करून घेण्याचा खर्च खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरावा.