फिंचच्या जोडीत तिसरा पक्षी: सोडावा, शेजारी ठेवावा की त्यालाही जोडीदार आणावा?

घरात झेब्रा फिंचची एक जोडी वर्ष-दीड वर्षापासून आहे. छान रुळली आहे, एकमेकांना चिकटून झोपते. अशात कुठून तरी एक एकटा फिंच आपल्याकडे यायचा असतो. कुणाच्या जोडीतला एक गेला आणि उरलेला कुणी सांभाळायला हवा असतो, किंवा आपल्यालाच वाटतं की पिंजरा मोठा आहे, अजून एक सहज मावेल. बारा-पंधरा ग्रॅमचा तर जीव, त्याला अशी किती जागा लागणार?

जागा मिळतेच. नव्या पक्ष्याला तिथे कुणाच्या शेजारी बसता येईल, हा खरा प्रश्न आहे.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. तिथे तो थव्यानं राहतो, म्हणून "थव्याचा पक्षी आहे, कितीही ठेवा" असं सहज बोललं जातं. पण त्या थव्याच्या आत जोड्या असतात, आणि एकदा जुळलेली जोडी साधारण जन्मभर टिकते. दोघं अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांच्या मानेची पिसं साफ करतात, दिसेनासे झाले की हाका मारत राहतात. नुसत्या हाकेवरून ते आपला जोडीदार ओळखतात. मोकळ्या रानात एखाद्या जोडीनं तिसऱ्याला हुसकावलं तर तो पन्नास हात उडून दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो आणि भांडण तिथेच मिटतं. पिंजऱ्यात पळणारा पुन्हा त्याच दांडीवर येऊन आपटतो. खाली दिलेला प्रत्येक पर्याय मी याच एका गोष्टीवर तोलला आहे.

पर्याय पहिला: एकट्याला थेट जोडीच्या पिंजऱ्यात सोडणं

हा सगळ्यात सोपा, आणि माझ्या मते झेब्रा फिंचसाठी सगळ्यात वाईट.

नवा पक्षी नर असेल तर काय होणार याचा अंदाज बहुतेकांना असतो. दोन नर, एक मादी. आधीचा नर मादीच्या आणि नव्याच्या मध्ये येऊन बसतो, चोची लढवतो, पाठलाग करतो. पाठलागापेक्षा वाईट गोष्ट पटकन दिसत नाही: नव्याला खाण्याच्या भांड्याजवळ फिरकू दिलं जात नाही. भांडं भरलेलं दिसतं म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि तो मात्र उपाशी असतो.

मादी असेल तर सगळं शांत राहील, हा समज फार पसरलेला आहे. मीही त्यातच फसले होते. एकटी राहिलेली एक मादी मी महिनाभर वेगळी ठेवून मग जोडीच्या पिंजऱ्यात सोडली. पहिले दोन दिवस किरकोळ हुसकावणं चाललं होतं, मला वाटलं होईल सवय. चौथ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली होती आणि पाठीवरचा भाग उघडा पडला होता. हे नरानं केलेलं नव्हतं, आधीच्या मादीनं केलं होतं. नर नवीकडे पाहून गायला लागला की पहिली मादी तिच्यावर धावून जायची. नवी मादी वाचली, पण ते चार दिवस मी तिला तिथे ठेवायला नको होते, हे आजही मनात आहे.

पिंजऱ्यात घरटं असेल तर नर-मादी हा फरकही उरत नाही. घरट्याच्या आसपास येणाऱ्या कुणालाही दोघं मिळून मारतात.

मग हे कुणाचंच जमत नाही का? जमतं, मुख्यतः बंगाली फिंचमध्ये. ही माणसाळवलेली जात आहे, रानात अशी सापडतच नाही. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे तिच्यात सहनशीलता खूप आहे. चार-पाच जण एकाच घरट्यात दाटीवाटीनं झोपतात. तुमची जोडी बंगाली असेल, घरटं काढलेलं असेल आणि नवाही बंगालीच असेल, तर तिसरा पक्षी बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत त्यांच्यात मिसळतो. फक्त अंडी घालायला लागले की गर्दीत अंडी फुटतात, हे धरून चालावं. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच असतात. गातो आणि गाताना अंग फुलवून नाचतो तो नर. म्हणून आणण्याआधी काही दिवस त्याचं गाणं ऐकता आलं तर बरं.

झेब्रामध्येही, चोच अजून पुरती केशरी न झालेलं पिल्लू मोठ्या पक्ष्यापेक्षा जास्त खपवून घेतलं जातं. पण ते मोठं होणारच आहे, म्हणजे अडचण फक्त पुढे ढकलली जाते.

पर्याय दुसरा: शेजारी वेगळा पिंजरा

एकटा पक्षी, पण आवाज आणि दर्शन दोन्ही आहे. मार खाण्याचा धोका जवळपास नाही. दोन पिंजऱ्यांत निदान वीतभर अंतर हवं, नाहीतर जाळीला धरलेल्या पायाच्या बोटांना चावे बसतात.

यात नव्याला शेजार मिळतो, स्पर्श मात्र मिळत नाही. झेब्रा आणि बंगाली, दोघांनाही अंगाला अंग लावून बसणं लागतं. समोर जोडी चिकटून बसलेली आणि आपण जाळीच्या अलीकडे, ही त्या पक्ष्याची कायमची अवस्था होते. काही महिन्यांसाठी ठीक, वर्षानुवर्षांसाठी नाही. शिवाय नवा नर असेल तर तो दिवसभर शेजारच्या मादीकडे तोंड करून गातो, आणि आतला नर अंडी उबवायची सोडून जाळीवर पहारा देतो. असं होत असेल तर मधल्या बाजूला अर्ध्या उंचीचा पडदा लावावा. आवाज ऐकू येतो, नजरानजर कमी होते.

तरी एकट्याला थेट आत सोडणं आणि शेजारी ठेवणं, एवढेच दोन पर्याय हातात असतील तर मी डोळे झाकून दुसरा घेईन. एकटेपणावर पुढे कधीही उपाय करता येतो.

पर्याय तिसरा: नव्याला त्याचा जोडीदार

एकटा पक्षी आलाच आहे तर त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. पण इथेही दोन वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

दुसरी जोडी दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवली तर तुमचं काम वाढतं, एवढाच तोटा. दोन भांडी, दोन तळाचे कागद, दोन वेळा साफसफाई. पक्ष्यांच्या बाजूनं यात काही वाईट दिसत नाही. जोडीदार गमावलेला फिंच नवा जोडीदार स्वीकारतो. त्यांची जुळणी एकमेकांशीच होत असल्यामुळे जुन्या जोडीला धक्का बसत नाही. विरुद्ध लिंगाचा मिळाला नाही तर दोन नरही एकत्र चांगले राहतात, समोर मादी नसेल तर. दोन माद्या राहतात, पण त्या अंडी घालत राहू शकतात. मग समुद्रफेस (पक्ष्यांना कुरतडायला द्यायचं कटलफिशचं हाड) पिंजऱ्याला कायम लावलेला हवा, नाहीतर कॅल्शियम कमी पडून अंडं अडकण्याचा धोका असतो.

दोन्ही जोड्या एकाच पिंजऱ्यात ठेवायच्या असतील तर जरा थांबा. जुने पाळणारे सांगतात की एक जोडी ठेवा नाहीतर तीन, दोन ठेवू नका, आणि माझाही अनुभव तसाच आहे. दोनच जोड्या असल्या की एक मालक होते आणि सगळा राग दुसऱ्या जोडीवर निघतो. तीन असल्या की तो वाटला जातो. पण तीन जोड्यांसाठी साधा पिंजरा पुरत नाही. आडवा, लांब, उडता येईल असा मोठा पिंजरा लागतो, कारण फिंच वर चढत नाही, आडवा उडतो. उंच आणि अरुंद पिंजऱ्याची उंची त्याच्या उपयोगाची नाही. घरटी द्यायची तर जोड्यांच्या दुप्पट द्यावीत, सगळी एकाच उंचीवर. नाहीतर सगळ्यात वरच्या घरट्यावरून लढाई ठरलेली. आणि झेब्रा एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालतो, पिल्लं काही महिन्यांतच स्वतः अंडी घालायला तयार होतात. घरटी न देणं किंवा अंड्यांच्या जागी खोटी अंडी ठेवणं याची तयारी नसेल तर तीन जोड्यांचा विचार करू नये.

दुसऱ्या जातीचा एकटा पक्षी?

थोडक्यात सांगते. झेब्राच्या जोडीत बंगाली सोडला तर तो प्रतिस्पर्धी वाटत नाही, पण झेब्रा दांडगा असतो आणि बंगाली उलट वार करत नाही. शिवाय दोघांची संकरित पिल्लंही होऊ शकतात. गोल्डियन फिंच शांत, त्याला झेब्राची सततची धावपळ सोसत नाही. जावा स्पॅरोची चोच इतकी जाड आणि मजबूत असते की छोट्या फिंचसोबत तो नकोच. आणि यातला कुठलाही पक्षी एकटाच आणला तर एकटेपणा तसाच राहतो.

कुठलाही पर्याय घेतला तरी आधीचा महिना

नवा पक्षी पहिले तीस दिवस वेगळ्या खोलीत राहतो, पंचेचाळीस झाले तर अधिक चांगलं. शेजारच्या पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे विलगीकरण नव्हे. खाणंपाणी आधी जुन्या जोडीचं, मग नव्याचं, नंतर हात धुणं. भांडी अदलाबदल करायची नाहीत.

या महिन्यात काय पाहायचं? पिसं फुलवून दिवसा झोपतो का, विष्ठेच्या जागेजवळची पिसं चिकट आहेत का, श्वास घेताना शेपूट वरखाली होते का. रात्री दिवा मालवल्यावर पिंजऱ्याजवळ कान देऊन बसा. बारीक टिक-टिक ऐकू आली किंवा चोच उघडी ठेवून श्वास चालला असेल तर श्वासनलिकेत आणि वायुकोशांत राहणाऱ्या सूक्ष्म किडीची शंका धरावी, आणि पक्ष्यांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं. तुमच्याकडे गोल्डियन असतील तर हे आणखी काटेकोरपणे पाळावं, त्यांना ही कीड लवकर लागते. फिंच आजार शेवटपर्यंत लपवतो. म्हणून आठ दिवस बरा दिसला, सोडला, असं करू नये.

एकत्र सोडायचेच असतील तर

घरटं दोन आठवडे आधी काढा. अंडी किंवा पिल्लं असतील तर विषयच नको. जुन्यांच्या पिंजऱ्यात नव्याला ढकलण्यापेक्षा सगळ्यांना एकाच वेळी तिसऱ्याच, कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या पिंजऱ्यात सोडावं. तो नसेल तर जुन्या पिंजऱ्यातल्या दांड्या, भांडी सगळं हलवून नवी मांडणी करावी. दाणे आणि पाणी तीन टोकांना. सगळ्यात वरच्या दांड्या एका उंचीच्या. मध्ये पानांचा आडोसा, म्हणजे पळणाऱ्याला नजरेआड होता येईल. हे सकाळी करावं, आणि दिवसभर घरी असाल त्याच दिवशी.

थोडा पाठलाग, चोचीची चटकन झालेली झटापट, दांडीवरून उठवणं हे चालतं. एकाच पक्ष्यावर सतत रोख असणं, शेपटीची किंवा पाठीची पिसं जाणं, तळाशी बसणं, भांड्याजवळ न जाणं हे चालत नाही. यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी बाहेर काढा, संध्याकाळची वाट पाहू नका. एवढ्या लहान पक्ष्याच्या अंगात एका दिवसाच्या उपाशीपणालाही साठा नसतो.

जोडी सध्या अंड्यांवर बसली असेल तर वेळापत्रक आपसूक जुळतं. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे, पिल्लं घरट्याबाहेर यायला तीन, आणि स्वतः खायला लागेपर्यंत आणखी दोन-तीन. तेवढ्यात नव्याचं विलगीकरण पुरं होतं आणि त्याच्यासाठी जोडीदार शोधायलाही वेळ मिळतो. या काळात तो दुसऱ्या खोलीतून हाका मारेल. दार लावूनही जोडीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत असेल तर पोचू द्या. दिवसातून दोनदा त्याच्या पिंजऱ्याजवळ बसून राळ्याचं कणीस लावा. तो खाली उतरून खायला लागेपर्यंत उठू नका.