पाच दिवसांचा मेटल प्रिंटिंगचा कोर्स: हात बसला, तपासणी राहिली

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. तपासणीला मी आणि एक डिप्लोमाची मुलगी. संरक्षण खात्याच्या कामाचे सुटे भाग आमच्याकडून एका मोठ्या पुरवठादाराकडे आणि तिथून पुढे जातात. दिवाळीनंतर त्या पुरवठादाराने विचारलं, "प्रिंट केलेले ब्रॅकेट आले तर फिनिशिंग आणि तपासणी करून द्याल का?" मालक हो म्हणून बसले आणि मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच जरा शिकून या." मेटल प्रिंटिंग म्हणजे धातूची पावडर थराथराने पसरून, लेझरने वितळवत जॉब, म्हणजे सुटा भाग, घडवणं.

फी १८,००० आणि वर जीएसटी. आम्ही १४ जण. बहुतेक नुकतेच इंजिनिअर झालेले, आणि एक साताऱ्याकडचे हवालदारसाहेब, ईएमईतून, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या विभागातून, फिटर म्हणून निवृत्त झालेले. पुण्यातल्या या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार त्यांना लेखी कळवली आहे.

पहिला दिवस स्लाइडचा, सगळा इंग्रजीत. सात प्रक्रिया, त्यांचे तक्ते, कुठे काय वापरतात. दोन तासांत उरकलं असतं. इस्रोच्या पीएस-४ इंजिनाची, म्हणजे पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाची, स्लाइड आली तेव्हा मात्र सगळे सरसावून बसले. १४ भागांचं इंजिन एका तुकड्यात आणलं, १९ वेल्ड गेले, आणि ९ मे २०२४ ला ते ६६५ सेकंद चालवून पाहिलं. हवालदारसाहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्हणजे ताई, १९ ठिकाणची तपासणी वाचली की!" शिकवणारे सर पुढच्या स्लाइडवर गेले, मी तिथेच अडकले. वेल्ड गेला म्हणून दोष जात नाही. तो सांध्यावरून उठून जॉबच्या पोटात जाऊन बसतो. सांध्यावरचा तडा डायपेनिट्रंटने, म्हणजे तड्यात झिरपणाऱ्या रंगाने, तरी दिसतो. आतली न वितळलेली पावडर कशाने बघायची?

दुसऱ्या दिवसासाठी मात्र मी पूर्ण पैसे द्यायला तयार आहे. लॅब सांभाळणारा मुलगा चिंचवडचा. त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "पावडरला पीठ समजू नका, फटाक्याची दारू समजा." दाणे १५ ते ४५ मायक्रॉनचे. आम्ही हाताळली ती स्टेनलेसची, पण टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची पावडर पेट घेते, आणि त्यावर पाणी मारलं तर आग विझण्याऐवजी भडकते, हे त्याने तीनदा वदवून घेतलं. धातूच्या आगीचं वेगळं सिलिंडर कुठे टांगलंय ते प्रत्येकाला चालत जाऊन दाखवायला लावलं. मशीनच्या चेंबरमध्ये भरतात तो आरगॉन वायू गळला तर वास येत नाही, माणूस नुसता खाली बसतो, म्हणून ऑक्सिजन मीटर १९.५ टक्क्यांच्या खाली वाजला की हातातलं टाकून बाहेर. मास्क, अँटिस्टॅटिक बूट, चाळणी, परत भरणं, सगळं एकेकाने करून दाखवायचं. माझ्याकडून चाळणीची जाळी उलटी बसली, तर सगळी उघडायला लावली. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही, बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलो तर रात्री लावलेला ब्रॅकेट अर्ध्यावर थांबलेला. झाकपाक न करता सरांनी चेंबर उघडून दाखवलं. एका लटकत्या कडेखाली सपोर्ट कमी दिले होते. थर तापतो, थंड होतो, आक्रसतो. ताण साठत साठत ती कड वर उचलली गेली आणि पावडर पसरवणारं पातं तिला जाऊन धडकलं. हवालदारसाहेब म्हणाले, "पातळ पत्र्याला वेल्ड मारला की तो बाक घेतो, तेच ना हे?" तेच. त्या एका तासात पहिल्या दिवसाचा सगळा तक्ता डोक्यात बसला. चौथा दिवस भट्टी आणि वायरकटचा, म्हणजे तारेने धातू कापण्याचा. जॉब ज्या प्लेटवर छापला तिच्यावरून कापायच्या आधी भट्टीत ताण काढून घ्या, नाहीतर जॉब सुटताना वाकतो. ठीक होता.

पाचव्या दिवशी तपासणी होती, जेवणानंतर दीड तास.

संरक्षणाच्या कामाला माणूस तयार करायचा तर हाच भाग दोन दिवसांचा हवा. आम्ही धातूच्या बारमधून जॉब काढतो तेव्हा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतीचा त्याचा नंबर, बारबरोबर येतो, कागद तिथून सुरू होतो. इथे धातू मशीनमध्येच घडतो, त्यामुळे पावडरचं सर्टिफिकेट पुरत नाही. त्याच प्लेटवर टेस्ट बार छापायचे, आडवे वेगळे आणि उभे वेगळे, कारण थरांच्या दिशेप्रमाणे ताकद बदलते. हे सरांनी सांगितलं, पण एकही बार ओढून तोडला नाही. सीटी स्कॅनचा एक फोटो दाखवला. आणि लॅबमधल्या पावडरच्या डब्यावर मार्करने लिहिलं होतं, 'ही वापरा'. कुठला लॉट, कितव्यांदा चाळलेली, त्यात नवी किती मिसळली, काही नोंद नाही. डीजीक्यूएच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या गुणवत्ता तपासणीच्या, माणसापुढे असा डबा ठेवला तर तो पुढचं काही बघणारच नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, हे ट्रेनिंगपुरतं आहे." अहो, ट्रेनिंगमध्येच तर सवय लागते ना!

शेवटी परीक्षा न घेता चौदा जणांना चौदा सर्टिफिकेटं. सरकारच्या २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात २०२५ पर्यंत १ लाख कुशल माणसं तयार करायचं लक्ष्य होतं. ती मोजणी अशाच कागदांवर होणार असेल तर माझीही त्यात भर पडली म्हणायची. एरोस्पेससाठी लेझर मशीनच्या ऑपरेटरची पात्रता ठरवायला आयएसओ-एएसटीएम ५२९४२ हे वेगळं मानक आहे. त्याचा उल्लेखसुद्धा झाला नाही.

मशीनवर उभा राहणारा मुलगा पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी तरी. तपासणीचं माणूस पाठवणार असाल तर आधी पाचव्या दिवसाचं वेळापत्रक लेखी मागा. डबा घरून न्या, कँटीनला भाजी एकच असते.

मोडलेला ब्रॅकेट मी मागून आणलाय. आमच्या मुलीने तो कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला, तर कडेजवळ काळे ठिपके दिसले. फोटो काढून संस्थेला पाठवले आहेत, पुढच्या बॅचला दाखवा म्हणून. तीन आठवडे झाले.