रिओ ग्रँडची गाणी: आधी कुठला अल्बम लावायचा?

रिओ ग्रँड नदीवरच्या गाण्यांची प्लेलिस्ट म्हटली की लोक डोळे झाकून कंट्री गायक मार्टी रॉबिन्सचं 'एल पासो' पहिल्या नंबरला टाकतात, आणि माझी कुरकुर तिथूनच सुरू होते. 1959 चा 'गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज' अल्बम भारीच आहे, वाद नाय, ग्रेडी मार्टिनची ती स्पॅनिश ढंगाची गिटार, कँटिना (म्हणजे दारूचा गुत्ता), तिथली नाचणारी फेलिना, गोळीबार, घोडा चोरून पळणं आणि मग प्रेमापायी परत मरायला येणं, सगळा मसाला आहे. पण नदी कुठाय? कोलोरॅडोच्या डोंगरातून निघालेली ही नदी नेमकी टेक्सासच्या एल पासो शहरापाशीच अमेरिका-मेक्सिकोची हद्द बनते, तिथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत साधारण 2,000 किमी, आणि आपला हीरो पळतो कुठे तर न्यू मेक्सिकोकडे! काउबॉय गाणी हवी असतील तर बिनधास्त घ्या, नदीसाठी नको.

नदीसाठी मला विचाराल तर खरी निवड दोघांतच आहे, अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन की स्पॅनिशमध्ये गाणारा बँड लॉस टिग्रेस देल नॉर्ते.

इंग्रजी शब्द कळले पाहिजेत अशी अट असेल तर स्प्रिंगस्टीन. 2005 च्या 'डेव्हिल्स अँड डस्ट'मधलं शेवटचं गाणं, 'मातामोरोस बँक्स'. मातामोरोस म्हणजे मेक्सिकोच्या बाजूचं गाव, समोर टेक्सासचं ब्राउन्सव्हिल. गोष्ट उलटी सांगितलीय, सुरुवातीलाच माणूस बुडालेला आहे, आणि मग गाणं मागे मागे जात त्याला काठावर आणून उभं करतं, जिथे तो अजून जिवंत आहे आणि पलीकडे भेटीची स्वप्नं बघतोय, म्हणजे शेवटी जी आशा ऐकू येते तिचं काय झालंय ते आपल्याला आधीच माहीत असतं आणि म्हणूनच ती ऐकवत नाही. त्याच्या आधी 1995 च्या 'द घोस्ट ऑफ टॉम जोड'मधलं 'अक्रॉस द बॉर्डर' ऐका, तिकडे असाच एक माणूस निघायच्या आदल्या रात्री स्वप्न रंगवतोय. तोटा एवढाच की दोन अल्बममध्ये मिळून नदीचा ऐवज इतकाच. टॉम जोडमध्ये बॉर्डरची अजून गाणी आहेत पण त्यातली बरीचशी कॅलिफोर्नियाकडची, आणि आवाज इतका दबका की गाडीत लावलात तर शेजारचा झोपेल.

लॉस टिग्रेस म्हणजे मेक्सिकोतल्या सिनालोआहून येऊन कॅलिफोर्नियात सॅन होजेला स्थायिक झालेले भाऊ नि त्यांची मंडळी. हे लोक कोरिदो गातात, आणि कोरिदो म्हणजे जवळजवळ पोवाडाच समजा, नावगाव, काय घडलं, कोण मेलं, सगळं खणखणीत आवाजात, फक्त डफाच्या जागी अकॉर्डियन. त्यांचं सगळ्यात गाजलेलं 'कॉन्त्राबांदो इ त्राइसियोन' मात्र पार पश्चिमेकडे तिहुआनाहून कॅलिफोर्नियात बॉर्डर ओलांडतं, तिथे ही नदीच नाही, त्यामुळे तिथून सुरुवात करू नका. तुम्हाला हवंय 'सोमोस मास आमेरिकानोस'. मी बॉर्डर ओलांडली नाही, बॉर्डरनेच मला ओलांडलं, असा त्याचा सूर, आणि रिओ ब्राव्होचं पाणी (मेक्सिकोत नदीला हेच नाव) फुकटात घेतलं, टेक्सासपासून कोलोरॅडोपर्यंत सगळं गेलं अशी रोखठोक तक्रार. अमेरिकेशी युद्ध हरल्यावर 1848 च्या तहात मेक्सिकोचा केवढा मुलूख गेला ते आठवा म्हणजे हा राग कुठून येतो कळेल. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यात त्या माणसाची कीव येते, इथे माणूस कीव मागतच नाही, हिशोब मागतो. म्हणूनच माझं मत इकडे.

कुठला अल्बम? लॉस टिग्रेसचा 2011 चा एमटीव्ही अनप्लग्ड, लोकांसमोर लाइव्ह गायलेला. हेच गाणं तिथे रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडच्या झॅक दे ला रोचाबरोबर आहे, कोलंबियाचा गायक हुआनेससारखे पाहुणे पण आहेत, आणि स्पॅनिश येत नसेल तरी पब्लिकच्या आवाजावरूनच कळतं की कुठल्या ओळीला आग लागली. शब्दांचा अर्थ मोबाइलवर उघडून ठेवा, त्याशिवाय निम्मी मजा गेली.

गंभीर काही नको, पाहुणे येणारेत, तर टेक्सास टॉर्नेडोज या बँडचा 1990 चा पहिला अल्बम लावा, इंग्रजी-स्पॅनिश खिचडी, फ्लाको हिमेनेसचं अकॉर्डियन, धमाल. त्यातला फ्रेडी फेंडर तर नदीच्या खोऱ्यातल्याच सॅन बेनितोचा. त्यानेच 1982 च्या 'द बॉर्डर' सिनेमासाठी 'अक्रॉस द बॉर्डरलाइन' गायलं, राय कूडर, जॉन हायट आणि जिम डिकिन्सनचं गाणं, वाळूतल्या पावलांचं आणि पलीकडे पोचल्यावर हातातून निसटणाऱ्या स्वप्नांचं. एकच गाणं ऐकायला वेळ असेल तर हे, आणि फेंडरच्याच आवाजात. विली नेल्सनने 1993 मध्ये याच नावाचा अख्खा अल्बम काढला, तो चांगलाय पण त्यात पॉल सायमनचं 'ग्रेसलँड' आहे, पीटर गेब्रिएलचं 'डोन्ट गिव्ह अप' आहे, नदीशी काही घेणंदेणं नाही, तेव्हा नाव बघून रेकॉर्ड विकत घेऊ नका, ते एक गाणं स्ट्रीम करा नि पैसे अनप्लग्डवर घाला.