जुन्या गाण्यांचा रेडिओ, बाबांसाठी घेतला

दारव्ह्याच्या बाजारातून सहा महिन्याआधी घेतला, मस्त चालून राहिला. बाबा हरभऱ्याच्या जागलीला जातात तं मचाणाच्या बल्लीला टांगून ठेवतात, आवाज पार धुऱ्यापर्यंत येते अन डुक्करंही तिकडं फिरकत नाही. हिरोच्या नावानं गाणे लागतात ही सोय लय कामाची, बटन फिरवलं का राजेश खन्ना. बाबांचा तो जीव की प्राण. 1965 ची टॅलेंट स्पर्धा जिंकून आलेला माणूस, 1966 ले ‘आखरी खत’ आला, अन 1969 च्या ‘आराधना’नं तं सारा देशच येडा केला. त्यातलं किशोरचं ‘मेरे सपनों की रानी’ लागलं का बाबा हातातली बॅटरी बंद करून अंधारातच ऐकत बसतात. तीन वेळा फिल्मफेअर, मग नवी दिल्लीतून खासदार. 2012 च्या जुलैत तो गेला तवा बाबा रात्री जेवले नव्हते, मले आठवते.

बटनं मोठे हायेत, बाबांच्या जाड्या बोटानं बराबर दबतात. फक्त चार्जिंगची पिन ढिली हाये, रबर लावून ठेवा लागते. घ्या बिनधास्त, पण पिन दुकानातच लावून पाहा.