ड्राफ्टआधीची रशियन मुले: स्काउटिंग व्हिडिओ सेवा हंगामभर वापरल्यानंतर

२०२३ च्या सप्टेंबरात मी आइस हॉकीतल्या नव्या खेळाडूंची पारख करण्यासाठी असलेल्या एका स्काउटिंग व्हिडिओ सेवेची वर्गणी भरली. २०२४ च्या जूनमधल्या एनएचएल ड्राफ्टपर्यंत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगचे क्लब तरुण खेळाडू क्रमाक्रमाने निवडून घेतात त्या दिवसापर्यंत, ती जवळजवळ रोज वापरली आणि पुढच्या हंगामातही चालू ठेवली. रशियन लीगमध्ये खेळणारी, त्या वर्षी ड्राफ्टला पात्र असलेली मुले दुसऱ्याच्या यादीवरून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची एवढाच हेतू होता. सेवेचे नाव घेत नाही. या प्रकारच्या सेवा साधारण एकाच पद्धतीने चालतात आणि मला लिहायचे आहे ते त्या कशा वापराव्यात याबद्दल.

सेवा काय देते? रशियातली सर्वांत वरची लीग केएचएल, तिच्याखालची व्हीएचएल आणि ज्युनियरांची एमएचएल या तिन्ही लीगमधल्या सामन्यांतून एकेका खेळाडूच्या शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून बाकावर परतेपर्यंतचा खेळ, कापून सलग जोडलेल्या मिळतात. मी टोरांटोजवळ राहते. हिवाळ्यात मॉस्को आमच्या आठ तास पुढे असते, म्हणजे तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे सकाळी अकराला, ऐन कामाच्या वेळी. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला तोच सामना रात्री साडेनऊला थेट पाहता येतो. मला रात्री जेवणानंतर एका मुलाचा पूर्ण सामना वीसेक मिनिटांत पाहता येऊ लागला आणि या एका सोयीसाठीच पहिले काही महिने पैसे वसूल झाले असे वाटले.

व्हिडिओवर एवढा भर का, हे आधी सांगायला हवे. पूर्वी रशियन मुले ऑगस्टमध्ये हलिंका ग्रेट्झकी कपला, नाताळात २० वर्षांखालच्या वर्ल्ड ज्युनियर्सला आणि एप्रिलमध्ये १८ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेला दिसायची. कॅनडा, स्वीडन, फिनलंडच्या त्याच वयाच्या मुलांसमोर ती कशी खेळतात ते सगळ्यांना एकाच रिंकवर कळायचे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २८ फेब्रुवारी २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या सगळ्या संघांना बाहेर काढले आणि तुलनेची ही जागाच गेली. एनएचएलने केएचएलशी असलेला समझोताही स्थगित केला. बऱ्याच क्लबांनी रशियात माणसे पाठवणे थांबवले आणि त्यांचे स्काउटसुद्धा पडद्यासमोर बसून पारख करू लागले. म्हणजे मी जे पाहते त्यातले बरेचसे तेही पाहतात. त्यांना मुलाशी, त्याच्या एजंटशी बोलता येते, मला नाही. हा फरक मोठा आहे. तरीही एका साध्या प्रेक्षकाला व्यावसायिकांच्या इतके जवळ याआधी कधी बसता आले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. रशियन मुलाचे गुण (म्हणजे गोल आणि असिस्ट, गोलसाठी दिलेले पास, यांची बेरीज) पाहण्याआधी तो बर्फावर किती मिनिटे होता ते पाहा. ही सवय लावून घेतली नाही, तर कितीही महाग सेवा घेतली तरी हाती फार काही लागणार नाही.

कॅनडातला ज्युनियर खेळाडू हंगामभर एकाच संघात असतो आणि चांगला असेल तर भरपूर खेळतो. त्याच्या आकड्यांवरून निदान अंदाज बांधता येतो. रशियात क्लब एक आणि संघ तीन. सेंट पीटर्सबर्गच्या स्का क्लबचे उदाहरण घ्या: वर केएचएलमधला स्का, मध्ये व्हीएचएलमधला स्का-नेवा, खाली एमएचएलमधला स्का-१९४६. एकच मुलगा थोड्या दिवसांत या तिन्ही ठिकाणी खेळलेला दिसू शकतो. वरच्या संघात तो तेरावा फॉरवर्ड, म्हणजे जास्तीचा आक्रमक, म्हणून बाकावर बसतो, दोन-चार मिनिटे उतरतो आणि परत बसतो. पानावर मात्र ‘सामने १, गुण ०’ अशी नोंद पडते. अशा दहा नोंदी जमल्या की दूरवरून पाहणारा म्हणतो, पोरगा मोठ्यांमध्ये टिकत नाही. पोरगा तर खेळलेलाच नसतो.

म्हणून मी एलिट प्रॉस्पेक्ट्स या खेळाडूंच्या माहितीच्या संकेतस्थळावर जन्मतारीख आणि लीगनिहाय आकडे पाहते, केएचएलच्या अधिकृत सामना-पत्रकात मिनिटे पाहते आणि त्यानंतरच व्हिडिओ उघडते. ही पत्रके रशियनमध्ये असतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकलेले रशियन इथे उपयोगी पडले, पण रकाने ठरलेले असल्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही आठवडाभरात सवय होईल.

जन्मतारखेचे महत्त्व नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात. रशियाचा नामांकित खेळाडू अलेक्झांडर ओव्हेच्किन याचा जन्म १७ सप्टेंबर १९८५ चा. दोन दिवसांनी २००३ चा ड्राफ्ट हुकला आणि २००४ मध्ये वॉशिंग्टनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. इव्हान देमिदोव डिसेंबर २००५ चा, अंतोन सिलायेव एप्रिल २००६ चा, येगोर सुरिन ऑगस्ट २००६ चा, आणि तिघेही २०२४ च्याच ड्राफ्टमध्ये. सतराव्या वर्षी आठ महिन्यांनी अंगकाठी आणि ताकद पार बदललेली असते. व्हिडिओ सुरू करण्याआधी ही तारीख कागदावर लिहून ठेवते, म्हणजे पाहताना डोळ्याला तिचा विसर पडत नाही.

देमिदोववर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. २०२३-२४ मध्ये एमएचएलच्या नियमित हंगामात त्याने ३० सामन्यांत ६० गुण केले आणि त्यावर दोन तट पडले. एक म्हणे हा प्रतिभावान आहे, दुसरा म्हणे पोरासोरांच्या लीगमध्ये गुण कोणीही करील. दुसऱ्या तटाचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. एमएचएलमधल्या संघांत तफावत फार आहे. मोठ्या क्लबांच्या अकादमीसमोर लहान शहरांचे संघ उतरतात आणि दुबळ्या बचावासमोर गुणांचा ढीग पडतो. म्हणून मी त्याचे तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने आधी काढले, यारोस्लाव्हलच्या लोकोविरुद्धचे, मॉस्कोच्या क्रास्नाया आर्मियाविरुद्धचे. तिथे त्याची खरी चाल दिसली. दोन्ही टाचा आत, चवडे बाहेर वळवून तो आडवा घसरत येतो. बचावपटूला पास येणार, शॉट येणार की हा तसाच आत घुसणार ते शेवटपर्यंत उमगत नाही. हे तर निवडक क्षणांच्या कुठल्याही चित्रफितीत दिसते. पूर्ण शिफ्टमध्ये दिसले ते वेगळे होते: पक (खेळाची रबरी चकती) हातचा गेल्यावर तो मान खाली घालून बाकाकडे वळत नसे, त्याच माणसाच्या मागे लागून पक परत काढायचा. हे एकदा नव्हे, सामन्यामागून सामन्यात. माझ्या वहीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता. मॉन्ट्रियलने त्याला पाचव्यावर उचलले.

पुढचा हंगाम त्याने केएचएलमध्ये काढला. कधी भरपूर मिनिटे, कधी नावापुरती. तरी ६५ सामन्यांत ४९ गुण झाले. वीस वर्षांखालच्या खेळाडूचा तिथला तो नवा विक्रम होता, आणि आधीचा किरिल काप्रिझोवच्या नावावर होता. एप्रिल २०२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून पहिल्याच सामन्यात त्याने शिकागोविरुद्ध एक गोल आणि एक असिस्ट केला. वर्षभर शिफ्टमागून शिफ्ट पाहिलेला मुलगा त्या निळ्या-लाल-पांढऱ्या जर्सीत बर्फावर उतरताना पाहून मला अतोनात आनंद झाला.

सिलायेवच्या बाबतीत मात्र आकडे आणि चित्र दोन्ही बुचकळ्यात टाकणारी होती. २०१ सेंटिमीटर उंचीचा सतरा वर्षांचा बचावपटू, निझनी नोव्हगोरोदच्या टॉर्पेडोत, प्रशिक्षक इगोर लारिओनोव. लारिओनोव यांनी त्याला खरोखर खेळवले, हे केएचएलमध्ये त्या वयात दुर्मीळ. सुरुवातीला गुण पटापट आले, मग आटले. ६३ सामन्यांत ११. फक्त तक्ता पाहणाऱ्याला वाटले असेल की मुलगा ढेपाळला. शिफ्ट पाहिल्या तर त्याचे मूळ काम सगळा हंगाम सारखेच पक्के होते: मागे सरकत स्केटिंग करताना अंतर राखणे, लांब काठीने पासची वाट बंद करणे. पण दोन फोरचेकर (पुढे घुसून पक हिसकावू पाहणारे) अंगावर आले की पकचे काय करायचे हे ठरवायला त्याला वेळ लागायचा, आणि ती उणीव सप्टेंबरात होती तशीच वसंतात होती. न्यू जर्सीने त्याला दहाव्यावर घेतले. मला ते योग्य वाटले. त्याच संघातला निकिता आर्तामोनोव दुसऱ्या फेरीत, ५० व्या क्रमांकापर्यंत कसा उरला हे मात्र मला आजही पटत नाही. मोठ्या माणसांच्या लीगमध्ये इतक्या जिद्दीने पकवर झेपावणारा मुलगा त्या वर्षी मी दुसरा पाहिला नाही. कॅरोलायनाने तो नेला. रशियन मुले घ्यायला न कचरणाऱ्या क्लबांत कॅरोलायना आहेच.

आता तक्रारी. पहिली, टॅगिंग. शिफ्ट कापताना खेळाडू चुकीचा ओळखला जातो, विशेषतः एमएचएलच्या लहान रिंकवर. तिथे बऱ्याचदा एकच कॅमेरा असतो, चित्र धूसर, पांढऱ्या जर्सीवरचा आकडा बर्फात हरवतो. एकदा तर २७ नंबरच्या मुलाच्या नावाखाली अर्धा सामना १७ नंबरच्याचा निघाला. कळवल्यावर दुरुस्ती झाली, पण बरेच दिवसांनी. दुसरी, शोध. एकाच आडनावाची रोमन लिपीत तीन रूपे असतात आणि सेवेला त्यातले एकच माहीत असते. जन्मतारीख टाकून शोधलेले बरे. तिसरी, रिंकचे माप कुठेच दिलेले नसते. एनएचएलचे बर्फ साधारण २६ मीटर रुंद. रशियात २६, २८ आणि काही ठिकाणी जुनी ३० मीटरचीही रिंक आढळतात. रुंद बर्फावर कडेने मिळणारा अवकाश अरुंद बर्फावर मिळत नाही, म्हणून हे माप सामन्याच्या शीर्षकातच असायला हवे. मी ते स्वतः शोधून वहीत उतरवते.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी अशी नाही, या साधनाचा तो स्वभावच आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सेवा तुम्हाला तोच मुलगा दाखवते ज्याचे नाव तुम्ही टाकता. डेट्रॉइटचे स्काउट हाकान आंदेर्सन दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला रशियात गेले होते आणि तिथे त्यांच्या नजरेत पुढे मोठा तारा झालेला पावेल दात्सुक भरला. आधीच्या ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेल्या त्या बारीक चणीच्या मुलाला डेट्रॉइटने १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर घेतले. कापलेल्या शिफ्टमध्ये असा मुलगा कधीच सापडणार नाही; तो चौकटीच्या कडेला असतो आणि तुमची शिफ्ट संपली की नाहीसा होतो. म्हणून डिसेंबरपासून मी दर आठवड्याला एमएचएलचा एक सामना पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, कुठलेही नाव न टाकता पाहते. वेळ जातो, पण यात काटछाट करू नका.

करार कधी संपतो हेही कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. मात्वेई मिचकोवने २०२२-२३ मध्ये सोचीसारख्या तळातल्या संघात २७ सामन्यांत २० गुण केले होते, तरी २०२३ मध्ये तो सातव्या क्रमांकापर्यंत घसरला. स्काशी त्याचा करार २०२६ पर्यंत होता हे त्यामागचे एक मोठे कारण. फिलाडेल्फियाने धीर धरला. २०२४ च्या उन्हाळ्यात स्काने त्याला मोकळे केले आणि पहिल्याच एनएचएल हंगामात त्याने २६ गोलांसह ६३ गुण केले. किरिल काप्रिझोवला मिनेसोटाने २०१५ मध्ये १३५ व्या क्रमांकावर घेतले आणि तो आला २०२१ च्या जानेवारीत. दुसरीकडे गोली (गोलरक्षक) इव्हान फेदोतोव. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाशी करार झाल्यावर त्याला रशियात लष्करी सेवेसाठी ताब्यात घेतले आणि अमेरिकेत पोहोचायला २०२४ उजाडले. जो मुलगा पाहायचा त्याच्या नावासमोर मी कराराचे वर्ष लाल शाईने लिहिते. हे ओझे सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आहे, त्याने काही केलेले नसताना, याचे मला वाईट वाटते. पण त्याच्याकडे डोळेझाक करून पारख होत नाही.

गोलींसाठी ही सेवा घेऊ नका. शॉटचे तुकडे मिळतात, पण शॉटच्या आधीचे वीस सेकंद तो जाळ्यासमोर कसा सरकत होता ते कापलेले असते, आणि गोली कळतो तो तिथेच. इल्या सोरोकिन ७८ वा आणि इगोर शेस्टर्किन ११८ वा, इतक्या मागे घेतले गेलेले हे दोघे गोली २०१४ च्या ड्राफ्टमधले. असा गोली हुडकायचा तर पूर्ण प्रक्षेपणच हवे. रशियन प्रक्षेपण सेवांचे पैसे परदेशी कार्डाने भरता येत नाहीत, कारण व्हिसा आणि मास्टरकार्डने मार्च २०२२ मध्ये तिथले व्यवहार थांबवले.

वर्गणी वार्षिक घेण्याची गरज नाही. जानेवारीपासून जूनपर्यंतची पुरते. सप्टेंबर ते डिसेंबर पत्रके आणि तक्ते पाहून पंधरा-वीस नावांची यादी करा, मग व्हिडिओ घ्या. आपोआप नूतनीकरणाची खूण पहिल्याच दिवशी काढून टाका. ज्यांना ड्राफ्टच्या रात्री फक्त आपल्या संघाने कोणाला घेतले एवढेच जाणून घ्यायचे आहे, त्यांना याचा उपयोग नाही. मी पुढच्या जानेवारीत पुन्हा भरणार आहे, आणि या वेळी सुरुवात यारोस्लाव्हलपासून करीन. ७ सप्टेंबर २०११ च्या विमान अपघातात त्या शहराने अख्खा संघ गमावला आणि लोकोमोटिव्हने त्या हिवाळ्यात व्हीएचएलमधून पुन्हा खेळायला सुरुवात केली. २०२३ मध्ये ॲरिझोनाने सहाव्यावर घेतलेला दिमित्री सिमाशेव आणि बाराव्यावर घेतलेला दानिल बुट, दोघेही तिथलेच, आणि २०२५ मध्ये केएचएलचा गागारिन कप जिंकणाऱ्या संघातही दोघे होते. इतकी मुले त्या एका अकादमीतून नेमकी कशी घडतात, हे मला तिथल्या ज्युनियर संघाचे पूर्ण सामने लागोपाठ पाहून समजून घ्यायचे आहे.