शहाबादी फरशी, कुत्रीच्या लघवीचा वास आणि एन्झाइमची बाटली: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

सांगलीच्या गावभागातील आमचे घर जुने आहे. पुढच्या दोन खोल्यांत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या असल्या, तरी माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी येथे अजूनही शहाबादी फरशीच आहे. आमची राणी ही तेरा वर्षांची गावठी कुत्री गेल्या हिवाळ्यापासून झोपेत लघवी सोडू लागली. पशुवैद्यांनी लघवी तपासून संसर्ग नसल्याची खात्री केली आणि नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये उतारवयात मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, असे सांगून गोळ्या सुरू केल्या. (ज्यांच्या घरी हा प्रकार अचानक सुरू झाला असेल, त्यांनी बाटली मागवण्याआधी ही तपासणी करावी, कारण मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकारही असेच सुरू होऊ शकतात.) गोळ्यांनी त्रास बराच कमी झाला, परंतु तोपर्यंतच्या तीन महिन्यांचा वास फरशीत मुरला होता.

सुरुवातीला घराजवळच्या एका दुकानातून ‘प्राण्यांच्या वासावर खात्रीचा उपाय’ म्हणून दिलेला फवारा आणला. तो निव्वळ सुगंध निघाला. दोन तास मोगरा आणि त्यानंतर मोगऱ्यासह अमोनिया, अशी खोलीची अवस्था झाली. मग जिवाणू आणि एन्झाइम (सेंद्रिय अंशांचे विघटन घडवणारी प्रथिने) असलेले द्रव ऑनलाइन मागवले. हा अभिप्राय त्याविषयी आहे. पाचशे मिलिलिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीला पाचशे वीस रुपये पडले आणि आजवर अशा चार बाटल्या संपल्या. बाटलीचे नाव मी देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार तिच्यावरच्या सूचनांबद्दल आहे आणि याच घडणीच्या इतर बाटल्यांवरही जवळपास त्याच सूचना मी वाचल्या आहेत.

सूचना अशी आहे की डागावर फवारावे, दहा मिनिटे थांबावे आणि पुसून घ्यावे. व्हिट्रिफाइड टाइलवर ही सूचना चालते. या टाइलचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, त्यामुळे लघवी वरच राहते आणि मुरते ती फक्त दोन टाइलमधल्या सिमेंटच्या भरणीत. पुढच्या खोलीत आम्ही सांध्यांवरून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने द्रव फिरवले, अर्धा तास ओले ठेवले आणि पुसले. वास एकाच वेळेत गेला आणि परत आला नाही. ज्यांच्या घरात सर्वत्र अशाच टाइल्स आहेत, त्यांना एक बाटली पुरेल आणि पुढे वाचण्याची फारशी गरज नाही.

शहाबादीची गोष्ट निराळी आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून नाव पडलेला हा दगड म्हणजे चुनखडक. तो पाणी पितो, आणि पॉलिश झिजलेल्या जागी तर अधिकच पितो. आपली फरशी किती पिते हे पाहायचे असेल, तर पाण्याचे चार थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावे. जागा गडद झालेली दिसली तर लघवीही तेथून आत गेलेली आहे. शिवाय जुन्या घरांत फरश्यांच्या दर्जा, म्हणजे दोन फरश्यांमधले सांधे, ठिकठिकाणी उकललेल्या असतात आणि त्यांतून ओल थेट खालच्या मुरमापर्यंत जाते. म्हणजे ज्या जागेचा वास येतो, ती जागा पुसण्याच्या फडक्याच्या आवाक्यातच नसते. पृष्ठभागावर दहा मिनिटे राहिलेले द्रव तेथे पोहोचणार तरी कसे?

लघवीतील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. मागे राहिलेले क्षार आणि सेंद्रिय अंश कोरड्या हवेत गप्प बसतात आणि हवेतील दमटपणा शोषून पुन्हा जागे होतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये केलेला कोणताही उपाय यशस्वी वाटतो. आम्हीही एप्रिलमध्ये बाटलीच्या सूचनेनुसार माजघर फवारून समाधान मानले होते आणि तेव्हाच अभिप्राय लिहिला असता तर पाचांपैकी पाच तारे दिले असते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात झड लागली आणि तिसऱ्या दिवशी माजघराने राणीच्या सगळ्या जुन्या झोपण्याच्या जागा एकेक करून सांगितल्या. गावभागात जमिनीची ओल तशीही खालून चढते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा हीच फरशी कित्येक दिवस पाण्याखाली होती आणि तेव्हापासून तिच्या दर्जा कधीच पूर्ववत झाल्या नाहीत.

जुलैमध्ये आम्ही पद्धत बदलली. प्रथम फिनेल पूर्ण बंद केले. यावर घरात वाद झाला, कारण आईच्या मते फिनेलशिवाय पुसलेली फरशी ही पुसलेली फरशीच नव्हे. परंतु फिनेल हे जंतू मारण्यासाठी असते आणि या बाटलीतील कामकरी मंडळी जंतूच आहेत. सकाळी फिनेलने पुसून दुपारी ही बाटली फवारणे म्हणजे मजूर बोलावून त्यांनाच दाराबाहेर कोंडण्यासारखे होते. चार दिवस नुसत्या साध्या पाण्याने फरशी पुसून आधीचे अंश काढले. मग रात्री दिवे मालवून यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) टॉर्चने डाग शोधले आणि खडूने खुणा केल्या. डोळ्यांना दिसणारे डाग पाच होते, टॉर्चखाली अकरा निघाले. चुना आणि साबणाचे अंशही त्या प्रकाशात चमकतात, म्हणून प्रत्येक खुणेशी नाक नेऊन खात्री करावी लागली; हे काम सन्मानाचे नव्हते.

त्यानंतर प्रत्येक खुणेवर फवारा न मारता झाकण काढून सुमारे अर्धी वाटी द्रव ओतले, दर्जांमध्ये थोडे अधिक, त्यावर त्याच द्रवाने भिजवलेले जुने सुती फडके अंथरले आणि ते वाळू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद ठेवून कडांना विटा ठेवल्या. चोवीस तासांनी कागद काढला आणि जागा पंख्याखाली आपोआप वाळू दिली. गरम पाणी कोठेही वापरले नाही, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. पहिले दोन दिवस वास उलट वाढला. दगडात सुकून बसलेले सर्व पुन्हा विरघळत असल्याने असे होते, पण हे बाटलीवर कोठेही लिहिलेले नाही आणि येथेच पुष्कळ लोक प्रयोग सोडून देत असावेत. पाचव्या दिवशी वास निम्म्याहून कमी वाटला. दहा दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा केला.

घरातल्यांचे नाक सरावलेले असते, म्हणून परीक्षेसाठी ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेल्या बहिणीला काहीही न सांगता माजघरात जेवायला बसवले. हीच बहीण जूनमध्ये उंबऱ्यातच नाक मुरडून उभी राहिली होती. या वेळी तिने आमटीत गूळ जास्त पडल्याची तक्रार केली, फरशीची केली नाही. अकरा जागांपैकी आठ जागा भर पावसातही वासमुक्त राहिल्या, एका जागेला तिसऱ्यांदा द्रव द्यावे लागले आणि पडवीच्या दाराशी असलेल्या दोन जागांवर मात्र काहीच उपयोग झाला नाही.

बाटलीवरील एक दावाही तपासून घेण्यासारखा आहे. ‘युरिक ॲसिडचे स्फटिक फोडते’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. वास्तविक बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्लाचे रूपांतर ॲलँटॉइन या सहज विरघळणाऱ्या द्रव्यात होते. डाल्मेशियन ही जात त्याला ठळक अपवाद आहे. तेव्हा आमच्या गावठी राणीच्या बाबतीत हे वाक्य विक्रीसाठीच अधिक उपयोगी होते. द्रव काम करते, पण बढाई भलत्याच गोष्टीची मारते.

या बाटलीऐवजी स्वस्तातले जे उपाय आम्हाला सुचवले गेले, त्यांपैकी दोन स्पष्टपणे धोक्याचे आहेत. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे ॲसिड शहाबादीवर, कोटा फरशीवर आणि संगमरवरावर घालू नये. आम्ल चुनखडकाला खाते, पॉलिश जाते आणि दगड पूर्वीपेक्षा जास्त लघवी पिऊ लागतो. दुसरे म्हणजे ब्लीच. लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, आणि दारे-खिडक्या बंद असलेल्या पावसाळी खोलीत ते छातीला नक्की जाणवतात. खाण्याच्या सोड्याने नुकसान होत नाही आणि ताज्या डागावर त्याचा उपयोगही होतो. मुरलेल्या वासावर तो अपुरा पडला.

वरच्या मजल्यावरील लॅमिनेटवर हे द्रव ओतण्याची चूक आम्ही एकदा केली. सांध्यातून ते खाली गेले आणि आठवड्याने दोन पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या. लाकडी भुशाच्या दाबलेल्या पट्ट्यांना कोणतेही पाणी सोसत नाही, त्यामुळे दोष एकट्या बाटलीचा म्हणता येणार नाही. पण ‘सर्व प्रकारच्या फरशीसाठी’ हे शब्द लेबलावर असल्याने एक तारा मी तेथे कापतो. दुसरा तारा दहा मिनिटांच्या सूचनेसाठी. उरलेले तीन तारे द्रवाने मिळवलेले आहेत. बाटली घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि ती उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. आमची तिसरी बाटली गच्चीच्या जिन्यात महिनाभर तापली होती आणि तिने चौथीच्या मानाने फारच कमी काम केले.

फरशीवर सीलर (दगडाची छिद्रे बंद करणारे द्रव्य) लावून घेण्याचा सल्ला गवंड्याने दिला आहे. ज्या आठ जागा स्वच्छ झाल्या तेथे फरशी पूर्ण वाळल्यावर तो लावू. जेथे वास अजून आत आहे किंवा खालून ओल चढते तेथे लावला तर दोन्ही गोष्टी आतच कोंडल्या जातील. पडवीच्या दाराशी असलेल्या त्या दोन फरश्यांखालचा मुरूमच भिजलेला आहे आणि तेथपर्यंत पोहोचायला पाच बाटल्याही पुरणार नाहीत. दिवाळीनंतर त्या दोन फरश्या उचलायच्या, खालचा वीतभर मुरूम काढून नवा भरायचा आणि दर्जा नव्याने भरून घ्यायच्या, असे गवंड्याशी ठरले आहे. राणीचे अंथरूण तोपर्यंत पुढच्या खोलीत टाइलवर हलवले आहे.